शेतात मारलेलं औषध मातीत गेल्यावर त्याचं काय होतं? सूक्ष्मजीव आणि कीडनाशकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीटकनाशक, तणनाशक, बुरशीनाशक या सगळ्यांना खाली सोयीसाठी 'कीडनाशक' किंवा नुसतं 'औषध' म्हटलं आहे.

औषध मातीत पडलं की काही दिवसांनी आपोआप जातं ना?

काही औषधं आठवड्या-दोन आठवड्यांत जातात, काही माणसाच्या आयुष्यात जात नाहीत. पण 'गेलं' असं कोणी सांगितलं की आधी विचारायचं, कुठे गेलं? फवारलेल्यातलं थोडं हवेत उडतं. थोडं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला किंवा जमिनीच्या खालच्या थरात जातं. थोडं चिकणमातीच्या आणि ह्यूमसच्या कणांना असं चिकटतं की प्रयोगशाळेतल्या द्रावकालाही ते सुटत नाही. या तिन्ही वेळा अहवालातला आकडा कमीच दिसतो. रेणू खरोखर तुटला, ही चौथी शक्यता. आपल्याला हवी असते ती हीच, आणि ती गृहीत धरता येत नाही.

तुटण्याचेही टप्पे असतात. शेवटचा टप्पा म्हणजे रेणूतल्या कर्बाचा कार्बन डायऑक्साइड आणि क्लोरीनचा साधा क्लोराइड होणं. याला खनिजीभवन म्हणतात. ते मोजायचं तर संशोधक रेणूत कार्बन-१४ हा किरणोत्सारी कर्ब बसवतात, ते रसायन मातीत मिसळून बरणी बंद करतात आणि बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तो कर्ब किती आला हे आठवड्यागणिक नोंदवतात. तो वायूत दिसला की मग शंकेला जागा उरत नाही.

सूक्ष्मजीवांना यातून काय मिळतं?

बहुतेक वेळा अन्न. बहुतेक औषधांच्या रेणूत कर्ब असतो, शिवाय बऱ्याचदा नत्र किंवा स्फुरदही असतं. चमचाभर चांगल्या मातीत अब्जावधी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक कायम अर्धपोटी. एखाद्याकडे तो रेणू उघडणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, निघालं, तर जे इतरांना खाता येत नाही त्यावर त्याचं पोट भरतं.

याचं एक जुनं आणि चांगलं अभ्यासलेलं उदाहरण फिलिपिन्समधलं आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सेतुनाथन आणि योशिदा यांनी १९७३ मध्ये एका फ्लॅव्होबॅक्टेरियमची नोंद केली. डायझिनॉन वापरलेल्या भातखाचरांत सापडलेला हा जिवाणू डायझिनॉनही फोडत होता आणि पॅराथिऑनही. पुढे कळलं, की त्यासाठी लागणारं जनुक प्लाझ्मिडवर आहे. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून वेगळं असलेलं डीएनएचं छोटं वर्तुळ, जे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. अगदी तेच जनुक ब्रेव्हंडिमोनास या दुसऱ्याच वंशातल्या जिवाणूतही सापडलं.

दुसरा प्रकार असा, की जिवाणूला किंवा बुरशीला त्या रसायनाशी काही देणंघेणंच नसतं. एन्झाइम असतं भलत्याच कामासाठी, आणि औषधाचा रेणू त्याच्या तडाख्यात सापडतो. लाकडावर वाढणाऱ्या पांढऱ्या कुजव्या बुरशीचं असंच आहे. लाकडातलं लिग्निन हा अतिशय वेडावाकडा रेणू. तो फोडायला ही बुरशी पेशीबाहेर अशी एन्झाइमं सोडते, जी समोर येईल त्याचं ऑक्सिडीकरण करतात. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी डीडीटी, लिंडेनसारखी चिवट रसायनंही फोडते हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि या विषयाला वेगळीच दिशा मिळाली.

एखादं रसायन प्रत्यक्षात कसं तुटतं ते दाखवता येईल का?

ॲट्राझिन हे तणनाशक घेऊ, कारण त्याची साखळी पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत माहीत आहे.

मधोमध एक कडं. त्यात कर्बाचे तीन आणि नत्राचे तीन अणू आलटून पालटून. कड्याला तीन जोड: एका बाजूला क्लोरीनचा अणू, उरलेल्या दोन बाजूंना नत्र असलेले दोन हात. हे रेणू खाऊन जगणारा स्यूडोमोनास एडीपी नावाचा जिवाणू अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी तणनाशक सांडून दूषित झालेल्या मातीतून वेगळा केला. त्याचं वर्णन १९९५ मध्ये आलं. तो आधी क्लोरीन काढून तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवतो. एवढ्यानेच ॲट्राझिनची तण मारण्याची ताकद संपते. मग एक हात तोडतो, मग दुसरा. उरतं ते सायन्युरिक आम्ल, म्हणजे नुसतं कडं. ते फोडणारे जिवाणू मातीत पुष्कळ असतात, आणि एडीपीकडे तर त्यासाठीची एन्झाइमंही आहेत. शेवटी हाती येतात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड.

यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट पहिल्या एन्झाइमची. मेलॅमिन या तसंच कडं असलेल्या रसायनावर काम करणारं दुसरं एक एन्झाइम त्याच्याशी ९८ टक्के जुळतं. ४७५ अमिनो आम्लांच्या साखळीत फरक फक्त ९ जागांचा. तरी एक क्लोरीन काढतं आणि दुसरं अमिनो गट. ॲट्राझिन बाजारात आलं १९५०च्या दशकाच्या अखेरीस, आणि १९९०च्या दशकात ते खाणारे जिवाणू वेगवेगळ्या खंडांवर जवळजवळ सारख्याच जनुकांसह सापडू लागले. जनुकं प्लाझ्मिडवर बसून किती वेगाने पसरू शकतात याचा याहून चांगला पुरावा मिळणं कठीण.

लेबलवर किंवा माहितीपत्रकात 'अर्धायुष्य ३० दिवस' असं असतं. म्हणजे ६० दिवसांत सगळं संपतं?

नाही. ३० दिवसांत निम्मं, ६० दिवसांत उरलेल्याचं निम्मं म्हणजे पाव, ९० दिवसांत आठवा हिस्सा. सहा अर्धायुष्यांनंतरही चौसष्टावा भाग उरतो. आणि हा आकडा मूळ रसायनापुरता असतो, त्याच्यापासून काय तयार झालं याचा त्यात हिशेब नाही.

शिवाय प्रयोगशाळेतली चाचणी साधारण २० अंश सेल्सिअसला, ओलावा राखलेल्या मातीत केलेली असते. युरोपातल्या मूल्यांकनात तापमान १० अंशांनी घसरलं की विघटनाचा वेग २.५८ पटींनी कमी होतो असं धरतात. म्हणजे २० अंशांना ३० दिवस असेल तर १० अंशांना सुमारे ७७ दिवस. उन्हाने माती कोरडी ठक्क झाली तर मात्र हे गणितही चालत नाही, कारण पाण्याशिवाय जिवाणू जवळपास ठप्प होतात. तापमान जास्त आणि काम शून्य.

अंदाज यावा म्हणून: २,४-डी साधारण दहा दिवस, इमिडाक्लोप्रिड काही महिने ते वर्षाहून जास्त, डीडीटी दोन ते पंधरा वर्षं. एकाच रसायनाचे दोन शेतांतले आकडे कित्येक पटींनी वेगळे निघणं यात नवल काही नाही.

प्रत्यक्ष शेतात वक्र एवढा गुळगुळीतही नसतो. सुरुवातीला वेग बरा असतो, पुढे मंदावतो. रसायन जसजसं मुरतं तसतसं ते कणांच्या अशा बारीक छिद्रांत जाऊन बसतं, जिथे जिवाणू शिरूच शकत नाही. जिवाणू सर्वसाधारण एक मायक्रोमीटरचा, छिद्र त्याहून कितीतरी अरुंद. जुन्या प्रदूषणावर उपाय अवघड असण्याचं मोठं कारण हे आहे. फोडणारा हजर आहे, माल आत कुलुपात आहे.

पाणी, हवा, सामू यांचा किती फरक पडतो?

फार. बहुतेक औषधांसाठी जमीन वाफशावर असणं सगळ्यांत चांगलं: छिद्रांत अर्ध्याहून थोडं जास्त पाणी, बाकी हवा. तेव्हा ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू जोमात असतात.

पण क्लोरीनने गच्च भरलेल्या रेणूंचं उलट आहे. त्यांच्यावर ऑक्सिजनची मात्रा फारशी चालत नाही. साचलेल्या पाण्याखाली, ऑक्सिजन संपलेल्या मातीत काही जिवाणू क्लोरीनचा एकेक अणू काढून त्याजागी हायड्रोजन बसवतात. डीडीटीचा डीडीडी असाच होतो. म्हणून काही ठिकाणी दूषित माती आधी पाण्याखाली ठेवायची आणि नंतर हवेशीर करायची अशी आलटापालट केली जाते: पहिल्या फेरीत क्लोरीन कमी होतो, दुसऱ्या फेरीत उरलेला सांगाडा ऑक्सिजनवाले जिवाणू घेतात.

सामूचं, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे याचं, एक उदाहरण पुरे. मेटसल्फ्युरॉन, क्लोरसल्फ्युरॉन या गटातली तणनाशकं आम्लधर्मी मातीत पाण्याच्या रासायनिक क्रियेने लवकर तुटतात. चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीत हा रस्ता बंद होतो, सगळा भार सूक्ष्मजीवांवर येतो आणि पुढच्या हंगामातल्या नाजूक पिकाला फटका बसू शकतो. शेजाऱ्याच्या जमिनीत चाललं म्हणून आपल्यात चालेल असं नाही, ते या अर्थाने.

औषध तुटलं म्हणजे विष संपलं, बरोबर?

चूक, आणि या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर बहुधा हेच. पहिल्या पायरीवर जे तयार होतं ते कधी निरुपद्रवी असतं, कधी मूळ औषधाइतकंच वाईट.

एंडोसल्फानला मातीत दोन वाटा आहेत. पाण्याच्या क्रियेने तुटलं तर एंडोसल्फान डायॉल होतं, ते बरंच सौम्य. सूक्ष्मजीवांनी त्याचं ऑक्सिडीकरण केलं तर एंडोसल्फान सल्फेट होतं, जे जवळपास तेवढंच विषारी आणि मातीत मूळ रसायनापेक्षा जास्त टिकणारं. दोन्ही वेळा अहवालात 'एंडोसल्फान घटलं' असंच येईल.

क्लोरपायरिफॉसपासून टीसीपी नावाचं क्लोरीनयुक्त रसायन निघतं. ते पाण्यात अधिक विरघळतं, म्हणून खाली झिरपतं, आणि वर जिवाणूंनाच मारक ठरतं. म्हणजे फोडणाऱ्याच्या मार्गात त्याच्याच कामातून अडथळा उभा राहतो. डीडीटीतून हवेशीर मातीत निघणारं डीडीई दशकानुदशकं टिकतं. ग्लायफोसेटमधून ॲम्पा निघतं, आणि ते ग्लायफोसेटपेक्षा जास्त रेंगाळतं.

कोणतंही 'जैविक शुद्धीकरण' विकणारा भेटला तर एकच विचारा: 'याचं पुढे काय तयार होतं आणि ते तुम्ही मोजलंत का?' उत्तर आलं नाही तर विषय तिथेच संपवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

औषध फोडणारे जिवाणू बाटलीत मिळतात. ते शेतात सोडले तर?

साधा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे २० लाख किलो. समजा तुम्ही पाच लिटर द्रावण सोडलं आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये खरोखरच १०० कोटी जिवंत जिवाणू आहेत. सगळे सारखे पसरले तर एका ग्रॅम मातीच्या वाट्याला आले अडीच हजार. त्या ग्रॅममध्ये आधीपासून दहा कोटी ते शंभर कोटी जिवाणू ठाण मांडून आहेत. म्हणजे चाळीस हजारांत, कदाचित चार लाखांत, एक नवखा.

आणि नवख्याचे हाल काय होतात हेही ठाऊक आहे. गोल्डस्टीन, मॅलरी आणि अलेक्झांडर यांनी १९८५ मध्येच अशा अपयशाची कारणं मांडली होती. शेतातलं औषधाचं प्रमाण इतकं कमी असतं, की त्यावर जिवाणूची वाढच होत नाही. मातीतले आदिजीव, म्हणजे जिवाणूंहून मोठे एकपेशीय जीव, त्याला खातात. जवळ दुसरं सोपं अन्न असेल तर तो औषधाकडे ढुंकूनही बघत नाही. काही वेळा मातीतलंच एखादं रसायन त्याला मारक ठरतं. आणि तो स्वतःहून मातीत फार लांब जाऊ शकत नाही, प्रदूषण एका जागी आणि तो दुसऱ्याच. प्रयोगशाळेच्या चंबूत यांतलं काहीच नसतं, म्हणून तिथले निकाल झकास येतात.

तरी सरसकट नाही म्हणता येणार नाही. जिथे ड्रम फुटला, गोदामात गळती झाली, तिथे औषधाचं प्रमाण प्रचंड असतं, जागा छोटी असते, माती उकरून हवा-ओलावा राखता येतो. तिथे बाहेरून जिवाणू आणण्याला अर्थ आहे. पण पसरलेल्या शेतात, दशलक्षात एखाद्या भागाच्या आसपास असलेल्या अवशेषांवर बाटली ओतणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे मातीत घालणं.

मग स्थानिक जिवाणूंनाच बळ द्यायचं कसं?

ओलावा टिकवा, माती दाबली जाऊ देऊ नका, सेंद्रिय कर्ब वाढवा, जमीन उघडी ठेवू नका. मुळांच्या भोवती जिवाणूंची दाटी मोकळ्या मातीपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे जमिनीत जिवंत मुळं असणं हाच एक उपचार आहे.

पण 'खत घाला, सगळं सुटेल' एवढं ते सरळ नाही. ताजा सेंद्रिय पदार्थ औषधाला धरून ठेवतो, त्यामुळे काही काळ विघटन मंदावूही शकतं. याची चांगली बाजू अशी, की तेवढं रसायन पाण्यात कमी उतरतं. आणि नत्राचं तर गंमतशीर आहे: ॲट्राझिन खाणारे अनेक जिवाणू ते नत्रासाठी खातात. युरियाचा हात सैल सोडलात तर त्यांना सोपं नत्र मिळतं आणि ॲट्राझिन तसंच पडून राहतं.

औषधं या जिवाणूंनाच मारत नाहीत का?

काही मारतात. जमीन निर्जंतुक करण्यासाठी वापरलेली धूरी देणारी रसायनं सरसकट मारतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू इतरांपेक्षा नाजूक असतात. शिफारशीच्या मात्रेत बहुतेक औषधांचा परिणाम काही आठवड्यांत भरून येतो. पण तीच औषधं पुन्हा पुन्हा, मात्रा वाढवून, एकमेकांत मिसळून मारली तर हा भरवसा धरू नये.

पूर्वी एकदा टाकलं की महिनाभर काम व्हायचं. आता आठवड्यात परिणाम संपतो. भेसळ आहे का?

भेसळ असू शकते, किडीत प्रतिकारशक्ती आली असू शकते. पण जमिनीत टाकायच्या औषधांबाबत तिसरी शक्यताही आहे: तुमच्या मातीतले जिवाणू ते खायला शिकलेत.

लंडनमध्ये ऑडस यांनी १९४९ मध्ये मातीतून २,४-डीचं द्रावण फिरवून बघितलं. आधी बरेच दिवस काहीच घडलं नाही, मग अचानक वेगाने ते नाहीसं झालं. त्याच मातीत पुन्हा घातल्यावर थांबायचं कामच नाही, लगेच विघटन सुरू. पहिल्या वेळी फोडणारे मूठभर असतात, ते वाढायला वेळ लागतो. दुसऱ्या वेळी फौज तयार असते. अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यात १९७०-८०च्या दशकांत ईपीटीसी हे तणनाशक आणि कार्बोफ्युरॉन हे कीटकनाशक सलग वापरलेल्या शेतांत हेच झालं. प्रदूषणाच्या बाजूने बघितलं तर आनंदाची बातमी, पिकाच्या बाजूने डोकेदुखी.

ओळखायचं कसं? कीड प्रतिकारक झाली असेल तर मातीत औषध पुरेसं असूनही कीड जगते. जिवाणूंचं काम असेल तर चार-आठ दिवसांनी मातीत औषधच सापडत नाही. उपाय मात्रा वाढवणं हा नव्हे, त्याने फौजेला आणखी खुराक मिळतो. गट बदला. एखादा-दुसरा हंगाम वेगळ्या रासायनिक गटाचं औषध वापरलं की ही क्षमता बऱ्याचदा ओसरते, पण लगेच ओसरेल असं नाही. आणि एका गटातलं एक औषध खायला शिकलेले जिवाणू त्याच गटातलं दुसरंही खाऊ शकतात.

तांबं, आर्सेनिक यांचं काय?

मूलद्रव्य फोडता येत नाही. मोरचूद-चुन्याच्या मिश्रणातलं तांबं, जुन्या लेड आर्सेनेटमधलं शिसं आणि आर्सेनिक जमिनीत साठतच जातात. सूक्ष्मजीव त्यांचं रूप बदलू शकतात, विरघळणारं-न विरघळणारं करू शकतात, नाहीसं करू शकत नाहीत. 'जिवाणूंनी तांबं संपवतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

असं एखादं औषध आहे का, ज्यापुढे सूक्ष्मजीवांनीही हात टेकले?

क्लोरडेकोन. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटांवर १९७२ ते १९९३ या काळात केळीवरच्या सोंडकिडीसाठी ते वापरलं गेलं. रेणू म्हणजे कर्बाच्या दहा अणूंचा पिंजरा आणि त्याला बाहेरून क्लोरीनचे दहा अणू. एन्झाइमला पकडायला जागा नाही. त्यात तिथल्या ज्वालामुखीय मातीतल्या बारीक छिद्रांनी ते घट्ट धरून ठेवलं. वापर थांबून तीन दशकं उलटली तरी कंदमुळांत आणि किनाऱ्याजवळच्या माशांत ते येतं, आणि काही मातींत ते शतकानुशतकं राहील असे अंदाज आहेत. ऑक्सिजनविरहित परिस्थितीत काही जिवाणू त्याचा पिंजरा उघडतात असं प्रयोगशाळेत दिसलंय, शेतातलं चित्र अजून वेगळंच आहे.

लिंडेनची गोष्ट याच्या अर्ध्या वाटेवरची. एक टन लिंडेन बनवताना त्याचे समघटक, म्हणजे अणू तेच पण मांडणी वेगळी असलेले रेणू, आठ ते बारा टन कचरा म्हणून निघायचे आणि ते कुठेतरी ढिगात टाकले जायचे. लिंडेन खाणारे स्फिंगोबियम वंशातले जिवाणू जपान, भारत आणि फ्रान्स अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडले, जनुकं जवळजवळ तीच. पण बीटा समघटकाशी झुंजताना तेही मंद पडतात, आणि ढिगात शेवटी उरतो तो तोच.

फवारणीचा पंप धुतो तिथलं गवत कायम जळालेलं असतं. ती जागा सुधारता येईल?

येईल, आणि कष्ट घालायचे तर शेतापेक्षा आधी तिथेच घालावेत. शेतात औषध पसरून पातळ होतं. पंप भरायच्या, धुवायच्या जागी ते वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात पडतं. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने एक ग्रॅम औषध एक कोटी लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेतं. एवढा ग्रॅम डब्याच्या झाकणाला सहज चिकटलेला असतो.

स्वीडनमध्ये यासाठी १९९३ पासून जैवखड्डा वापरात आहे. तिकडे ट्रॅक्टर त्याच्यावर उभा करून टाकी भरतात, धुतात. सुमारे साठ सेंटिमीटर खोल खड्डा. तळाला दहा सेंटिमीटर चिकणमातीचा थर, पाणी खाली जाऊ नये म्हणून. त्यावर अर्धा मीटर मिश्रण: घनफळाने अर्धं पेंढ्याचं, पाव पीट नावाची दलदलीतली कुजलेली वनस्पती, पाव शेतातली माती. वर गवत.

यातला प्रत्येक घटक कामाचा आहे. पेंढा हे पांढऱ्या कुजव्या बुरशीचं खाद्य. लिग्निन फोडायला ती एन्झाइमं सोडते आणि सांडलेलं औषध त्यात भरडलं जातं. पीट ओल धरतं, सामू खाली आणतं, जे बुरशीला मानवतं. पीट नसेल तिथे मुरलेलं कंपोस्ट वापरतात, पण मग सामू चढतो आणि बुरशीपेक्षा जिवाणूंची बाजू वरचढ होते. माती घ्यायची ती शक्यतो तीच औषधं आधी वापरलेल्या शेतातली, कारण शिकलेले जिवाणू तिच्यात असतात. गवत पाणी उपसून खड्डा तुंबू देत नाही, आणि कुठे जास्त सांडलं तर तिथेच पिवळं पडून दाखवतं.

देखभाल लागते. पेंढा कुजून मिश्रण खाली बसतं, दरवर्षी भर घालावी लागते. सहा-आठ वर्षांनी सगळं काढून वर्षभर ढीग लावून कुजवतात आणि मगच शेतात पसरतात. छप्पर नसलेल्या खड्ड्यात मुसळधार पाऊस साचला की ऑक्सिजन संपतो, खेळ थांबतो. धुण्याचं पाणी एकदम न ओतता थोडं थोडं सोडायचं. आणि उरलेलं तयार द्रावण किंवा बाटलीतलं औषध यात ओतायचं नाही. हा खड्डा सांडलवंडीसाठी आहे, विल्हेवाटीसाठी नाही.

शेणखत घातल्यावर घेवडा, टोमॅटो वाकडेतिकडे वाढले. खतातून तणनाशक येऊ शकतं?

येऊ शकतं. अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड ही तणनाशकं गवतावर मारली, ते गवत जनावरांनी खाल्लं, की रसायन फारसं न बदलता शेणा-मुतातून बाहेर येतं आणि उकिरड्यातही टिकतं. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये हौशी बागकाम करणाऱ्यांना याचा चांगलाच तडाखा बसला होता. कोवळी पानं आत वळतात, अरुंद होतात, शिरा जवळ येतात. असं खत मातीत विरळ मिसळून, ओल राखून, नांगरटीने हवा देत राहिलं की सूक्ष्मजीव ते फोडतात. ढिगात ठेवून वाट पाहण्यापेक्षा हे बरं. तोवर तिथे गवतवर्गीय पीक घ्यावं.

जनुक बदललेले जिवाणू वापरतात का?

जिवंत सोडण्यावर बहुतेक ठिकाणी कडक बंधनं आहेत. पण एक मधला मार्ग निघाला. अमेरिकेत साउथ डकोटामध्ये ॲट्राझिन सांडलेल्या मातीवर संशोधकांनी ॲट्राझिनचा क्लोरीन काढणारं एन्झाइम ठासून भरलेले ई. कोलाय जिवाणू मारून वापरले. पेशी मेलेली, आतलं एन्झाइम शाबूत. आठ आठवड्यांत ॲट्राझिन ५२ टक्के घटलं, सोबत फॉस्फेट दिल्यावर ७७ टक्के. हा अहवाल २००० सालचा. ऑस्ट्रेलियात ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं फोडणारं एन्झाइम मेंढ्यांना बुडवून काढण्याच्या हौदातल्या पाण्यासाठी तयार झालं. पाण्यात एन्झाइम मोकळं फिरतं. मातीत ते कणांना चिकटतं किंवा इतर जिवाणू त्याचाच फडशा पाडतात.

जमिनीत तणनाशक उरलंय का, हे घरी बघता येईल?

बऱ्यापैकी. शंका असलेल्या शेतातून आठ-दहा ठिकाणची वरची १०-१५ सेंटिमीटर माती घेऊन मिसळा. त्याच जातीची, पण कधी न फवारलेली बांधाकडची माती वेगळी घ्या. तीन प्रकारच्या कुंड्या करा: संशयित माती, स्वच्छ माती, आणि संशयित मातीत मूठभर सक्रिय कोळशाची भुकटी मिसळलेली. प्रत्येकी तीन कुंड्या, प्रत्येकीत घेवड्याचे किंवा पुढे जे पीक घ्यायचं त्याचे पाच-सहा दाणे. दोन-तीन आठवडे सारखं पाणी, सारखा उजेड.

संशयित मातीत रोपं खुरटली आणि कोळशाच्या कुंडीत सुधारली, तर दोष सेंद्रिय रसायनाचा, कारण कोळसा ते धरून ठेवतो. दोन्हीकडे खुरटली तर क्षार, सामू, बुरशी किंवा अन्नद्रव्यांकडे बघा. कीटकनाशकाचे अवशेष मात्र या पद्धतीने कळत नाहीत. रोपाला त्यांचं काही वाटत नाही.

प्रयोगशाळेत माती द्यायची तर काय सांगून द्यायची?

'सगळी कीडनाशकं तपासा' असं नका सांगू. गेल्या दोन-तीन वर्षांत काय मारलं त्याची यादी द्या आणि मूळ रसायनाबरोबर त्याच्यापासून निघणारी रसायनंही मागा. ग्लायफोसेट आणि ॲम्पा नेहमीच्या एकत्रित चाचणीत येत नाहीत, त्यांची चाचणी वेगळी सांगावी लागते. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटरचे नमुने वेगवेगळे द्या: वरचा आकडा घटला आणि खालचा वाढला, तर औषध तुटलं नाही, उतरलं. 'आढळलं नाही' असं लिहून आलं तर शोधमर्यादा किती होती हे विचारा. आकडा कोरड्या मातीवर काढला आहे ना, हेही बघून घ्या.

आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, जमत नसेल तर गोठवा. पिशवीतल्या ओल्या मातीतही जिवाणू काम थांबवत नाहीत. उबदार जागी आठवडाभर पडून राहिलेल्या नमुन्याचा अहवाल तुमच्या शेताचा नसतो, त्या पिशवीचा असतो.